लुसियाँचं घर

श्रोतेहो, नमस्कार. २००१ साली आलेला 'आमेली' हा फ्रेंच चित्रपट तुमच्यापैकी काहींनी नक्की पाहिला असेल. दिग्दर्शक जाँ-पिएर जने, नायिका ओद्रे तोतू. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर कॅफेत काम करणारी, दुसऱ्यांची आयुष्यं गुपचूप सावरणारी आणि स्वतः प्रेमात पडली की लपून बसणारी मुलगी. पण आज मला बोलायचंय ते लुसियाँबद्दल. लुसियाँ, म्हणजे कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानातला पोऱ्या.

दुकान कोलिन्यों नावाच्या माणसाचं. लुसियाँ त्याच्या हाताखाली. हा पोरगा भाजी कशी हाताळतो ते बघा. एन्डाइव्ह म्हणून एक पांढरट, घट्ट मिटलेला कोंब असतो. लुसियाँ तो असा उचलतो, जणू घरट्यातून पडलेलं पिल्लू. आमेलीला तो आवडतो तो एवढ्याचसाठी. मंडईत दुधीला नख खुपसून बघणारी माणसं दिसली की माझा जीव तुटतो. अहो, तो दुधी आपण नाही घेतला तर दुसरं कुणीतरी घरी नेणार असतो!

तर असा हा लुसियाँ, आणि मालक त्याला गिऱ्हाइकांदेखत मंद ठरवतो, टोचून बोलतो. लुसियाँ मान खाली घालून पिशव्या भरतो. एके दिवशी आमेली कोलिन्योंला सुनावते: तुमची भाजी व्हायची भीती नाही, कारण आर्टिचोक या भाजीलासुद्धा हृदय असतं. आर्टिचोकच्या आतल्या कोवळ्या गाभ्याला फ्रेंच लोक हृदयच म्हणतात.

तेवढ्यावर ती थांबत नाही. कोलिन्यों तिच्याच इमारतीत राहतो. एकदा त्याची किल्ली दारालाच राहते. आमेली तिची नक्कल करून आणते आणि तो नसताना घरात शिरते. सपाता तशाच दिसणाऱ्या, पण लहान मापाच्या. टूथपेस्टच्या जागी पायाला लावायचं क्रीम. दाराची मूठ उलटी. दिव्याचा उजेड कमी. दमून आलेला कोलिन्यों सपातेत पाय घालतो, टाच बाहेरच राहते, आणि तो नुसता बघत बसतो. हे दृश्य मी कितीही वेळा पाहिलं तरी प्रत्येक वेळी लुसियाँसाठी आनंदून जातो.

आता मुद्दा. मे २००१ मध्ये सर्ज कागान्स्की या समीक्षकानं 'लिबेरास्यों' या दैनिकात लिहिलं की या पॅरिसमधून परदेशी मुळाची माणसं पुसून टाकली आहेत. त्यावर वादळ उठलं. मला टीका पटते. माँमार्त्रहून उतरून थोडं चाललं की बार्बेस लागतं, उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्यांची गजबजलेली वस्ती. चित्रपटात तिची सावलीही पडत नाही. चित्रपटाच्या बाजूनं बोलणारे म्हणाले, लुसियाँ आहे ना! खरंय, लुसियाँ झालेला जमेल देबूझ मोरोक्कन आईबापांचा मुलगा. पण त्याला नाव दिलं लुसियाँ, अस्सल फ्रेंच.

नावाचं एक वेळ सोडून देऊ. घराचं काय? कोलिन्योंचं घर आपल्याला सपातांपासून दिव्यापर्यंत ठाऊक आहे. आमेलीचं घर ठाऊक आहे. ज्याची हाडं काचेसारखी ठिसूळ आहेत, त्या म्हाताऱ्या चित्रकाराचंही. पण लुसियाँचं घर? दुकान बंद झाल्यावर तो कुठं जातो? त्याच्यासाठी घरी कुणी थांबलंय का? पुन्हा सांगतो, सगळ्यांची घरं दिसतात, लुसियाँचं दिसत नाही.

पाच वर्षांनी, २००६ साली, जमेलनं 'अँदिजेन' या चित्रपटात काम केलं, निर्मितीतही वाटा उचलला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या उत्तर आफ्रिकी सैनिकांची ती गोष्ट. फ्रान्समधल्या कानच्या चित्रपट महोत्सवात त्यातल्या पाच नटांना मिळून सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तिथं त्याचं नाव सईद आहे. आणि तिथं, सुरुवातीलाच, त्याची आई दिसते. जाऊ नकोस म्हणून ती त्याला विनवते आहे.