पहाटे साडेतीनचं संमेलन

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आमच्या लातूरच्या घरात एकदा पहाटे सव्वातीनला गजर झाला. गाडी पकडायची नव्हती, की रात्रीच्या लाइटीवर शेतातली मोटर चालू करायला जायचं नव्हतं. मला संमेलनाला जायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घातला, खाली लुंगी तशीच ठेवली, आणि स्वयंपाकघरात ओट्यावर फोन तांब्याला टेकवून उभा केला. न्यूयॉर्कला तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा झाले होते.

हे संमेलन स्पेक्युलेटिव्ह फिक्शनचं. मराठीत याला एकच एक शब्द नाही. विज्ञानकथा त्यात येते, भुताखेतांची येते, जादूची येते, आणि भलत्याच वळणाला लागलेल्या इतिहासाचीही येते. मी गणिताचा मास्तर, दिवसातून वीस वेळा फळ्यावर 'समजा' लिहितो. म्हणून या सगळ्या गोतावळ्याला मी माझ्यापुरतं 'समजा' हेच नाव ठेवलंय. समजा, माणूस अदृश्य झाला. समजा, पाणी संपलं. पुढचं गणित लेखकानं सोडवायचं.

या लोकांच्या संमेलनांची परंपरा जुनी आहे. त्यांचं जागतिक संमेलन पहिल्यांदा 1939 साली न्यूयॉर्कला भरलं. तिथं जायचं तर विमान, व्हिसा, हॉटेल. मास्तराच्या पगारात ते 'समजा'मध्येच बसणारं. मग कोविड आला. 2020 चं जागतिक संमेलन न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला भरायचं होतं, ते पहिल्यांदाच पूर्णपणे ऑनलाइन झालं. तिथं सकाळी दहाला सत्र सुरू झालं की आपल्याकडं पहाटेचे साडेतीन. त्यानंतर लहानमोठी पुष्कळ संमेलनं ऑनलाइन व्हायला लागली, काही तर फुकट. मी गेलो ते असंच, स्वयंसेवकांनी चालवलेलं.

तुम्ही विचाराल, मास्तर, फोनवर कसलं आलंय संमेलन? उदगीरला 2022 मध्ये आपलं साहित्य संमेलन झालं, तेव्हा ग्रंथदिंडीत पाय सुजेपर्यंत चाललेला माणूस मी. संमेलन म्हणजे धूळ, पुस्तकांचे गाळे, जेवणाच्या मांडवातली रांग, आणि मंडपाबाहेर चहाच्या टपरीवर होणारी खरी चर्चा, हे मलाही मान्य आहे. पण त्या टपरीचीही सोय यांनी केलेली असते. मुख्य परिसंवाद एका खिडकीत चालतो, आणि बाजूला डिस्कॉर्ड नावाच्या ॲपवर गप्पांच्या खोल्या असतात. ड्रॅगनवाल्यांची एक खोली, भाषांतरवाल्यांची एक. एका खोलीत तर लोक नुसते आपल्या मांजरांचे फोटो टाकत होते. चहा मात्र आपला आपणच करायचा.

तिथं बरेच जण टोपणनावानं वावरतात. मला ते आवडलं, कारण मराठी विज्ञानकथेची एक मोठी गोष्ट टोपणनावानंच सुरू झाली. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप नावाच्या माणसाची कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. ना. वि. ज. ही अक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना. म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! नावाकडं बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानं केलेली ही युक्ती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांनी पत्नीच्या हातानं लिहून घेतली होती. मी हे तिथल्या खोलीत मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, तर धडाधड बदाम आले.

मग एकानं विचारलं, तुमच्या भागातल्या अद्भुत गोष्टी सांगा. आता मराठवाड्याच्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे हरिदासाला माइक देणं. मी औंढ्याचं सांगितलं. नामदेव महाराजांना कीर्तन करू न देता देवळाच्या मागं जायला सांगितलं, तर देऊळच फिरलं आणि नंदी मागच्या मागं राहिला. लोकांना गोष्ट आवडली. पुढं मी लिहिलं की याच औंढा नागनाथच्या शिवारात, हिंगोली जिल्ह्यात, लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्या अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाचेच हेलकावे, मोजणार. 2023 मध्ये केंद्र सरकारनं त्याला मंजुरी दिली. लहर गेली की त्या भुजांच्या लांबीत जो फरक पडतो, तो अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी लहान. तर एकीनं लिहिलं, ''वा, देऊळ फिरल्याचं यंत्रानं मोजायचं, ही कल्पना झकास जुळवलीत.'' तिला वाटलं, वेधशाळा मी रचलीय आणि देवळाची तेवढी खरी दंतकथा आहे.

श्रोतेहो, त्या रात्रीची पुढची घडामोड याच जातीची आहे.

साडेतीनला माझी छोटी बैठक होती. तिला ते कॅफेक्लाच म्हणतात. मूळ शब्द जर्मन, कॉफीवरच्या गप्पा. एक लेखक आणि दहाएक वाचक, आधी नाव नोंदवायचं. विषय होता बदलत्या हवामानाच्या कथा. एक तरुण आपल्या अर्ध्या लिहिलेल्या कादंबरीबद्दल बोलत होता. तिच्यात एक कोरडं शहर आहे, आणि तिथं पाणी रेल्वेनं येतं. दुसरा एक जण लगेच म्हणाला, हे पटत नाही. रेल्वेनं पाणी नेणं कुणाला परवडेल? त्यापेक्षा लोक शहर सोडतील.

मी हात वर केला. पडद्यावरचा, आणि सवयीनं खराही.

सांगितलं, की आमच्याकडं गाडी आली होती. मिरजेहून लातूरला, साधारण साडेतीनशे किलोमीटर. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. वाघिणी आधी वाफेनं धुऊन घेतल्या होत्या. त्याच्याही आधी, पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागली होती, कलम 144. आमच्या गल्लीत ड्रमला कुलूप असायचं. सोन्याला नसलेलं कुलूप पाण्याला.

खाली आपोआप उमटणारी इंग्रजी अक्षरं 'लातूर'ला 'लेटर', म्हणजे 'नंतर', करत होती. त्यामुळं वाचणाऱ्यांना दिसलं की मी कुठल्यातरी नंतर येणाऱ्या गाडीबद्दल बोलतोय.

तो तरुण म्हणाला, ''छान आहे. तुमची कथा कोणत्या साली घडते?''

म्हटलं, 2016. एप्रिल महिना.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग लेखकबाईंनी हळूच विचारलं, ''आणि शेवट काय झाला?''

आता काय सांगणार? जे झालं तेच सांगितलं. पावसाळा आला, गाडी बंद झाली. सप्टेंबर संपता संपता असा पाऊस झाला की कोरडं पडलेलं मांजरा धरण भरून गेलं. यावर आधीचा आक्षेपवाला म्हणाला, की राग मानू नका, पण हा शेवट कच्चा आहे. सगळं अडलेलं असताना आभाळातून पाऊस पाडून लेखकानं सुटका करून घेऊ नये. मला हसू आलं. कथालेखनाच्या कोणत्याही कार्यशाळेत त्याचंच म्हणणं बरोबर ठरेल.

''मग धरण भरल्यावर लोकांनी काय केलं?'' बाईंचा पुढचा प्रश्न.

''ऊस लावला.''

आमच्या मातीत पाणी सगळ्यांत जास्त पिणारं पीक तेच आहे, हेही सांगितलं. सगळे मोकळेपणानं हसले. एकानं लिहिलं, उपहास जमलाय. मी काही बोललो नाही. माझ्या चुलत्यानं दीड एकर लावला होता, आणि त्याचं चुकलं असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. तूर, सोयाबीनच्या भावाचा भरवसा नसतो. उसाला कारखाना तरी असतो. पण एवढं समजावून सांगायला दहा जणांच्या बैठकीत वेळ नव्हता.

तेवढ्यात मागून आवाज आला, ''कुणासंगं बोललालास रे एवढ्या रातीला?''

माय उठली होती. ती रोज याच सुमाराला उठते. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बोळवून लोक नुकते झोपले असताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. तेव्हापासून आमच्या औसा-लातूर भागात या वेळेला जागं असलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी कारण विचारत नाही. तिनं चहाचं आधण ठेवलं, फोनमधल्या चौकोनी तोंडांकडं निरखून बघितलं आणि पदर सावरून घेतला.

''अमेरिकेची माणसं हैत, माय.''

''काय म्हणतेत?''

''पाण्याची गाडी खरी वाटंना म्हणतेत.''

तिनं साखरेचा डबा उघडला. ''मग त्येला ड्रम दाखवायचा की.''

ड्रम अजून न्हाणीच्या दाराशी आहे. निळा, झाकणाला भोक पाडून कोयंडा बसवलेला, साखळी गंजलेली. मी तांब्यावरून फोन उचलला आणि अंगणात गेलो. उजेड नीट नव्हता, म्हणून मायनं बॅटरी धरली. ड्रमावर फोन रोखून बघतो तर पडद्यावर लिहून आलं होतं की बैठकीची वेळ संपली.