पॅटर्नच्या सांध्यावर

(दृश्य : अप्पा बळवंत चौक, पुणे. जुन्या पुस्तकांच्या थप्प्या.)

इंजिनिअरिंगचं जुनं पुस्तक इथं विकायला आणा. दुकानदार विषयाचं नाव नंतर वाचतो, आधी मुखपृष्ठावरचा पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रम कुठल्या सालचा, ते बघतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा २००८चा पॅटर्न, मग २०१२चा, २०१५चा, २०१९चा आणि आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेला २०२४चा. मधलं अंतर कधी चार वर्षं, कधी तीन, कधी पाच. पदवी मात्र चार वर्षांची. त्यामुळे जवळपास प्रत्येक बॅचच्या पुढे नाहीतर मागे दुसराच पॅटर्न चालू असतो.

आधीच आत असलेल्यांना धक्का लागू नये म्हणून नवा पॅटर्न एकेक इयत्ता वर चढवतात. २०२४-२५ला तो एफईला, म्हणजे पहिल्या वर्षाला लागू झाला, २०२५-२६ला एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला. त्याच हिशोबाने टीईचा (तिसऱ्या वर्षाचा) नंबर २०२६-२७ला आणि बीईचा (शेवटच्या वर्षाचा) २०२७-२८ला. जुनी बॅच जुन्या पॅटर्नने पुढे सरकत राहते, नवी तिच्या मागून येते. सगळे वेळेवर पास होत गेले, तर यात कुणाचंच काही बिघडत नाही.

पण सगळे वेळेवर पास होतात, असं इंजिनिअरिंग कॉलेज कुणी पाहिलंय?

(दृश्य : कॉलेजचा नोटीस बोर्ड. निकालाची गर्दी.)

समजा, एक मुलगी २०२३ला एफईला आली. २०१९ पॅटर्नची ही शेवटची बॅच. एसईला तिचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर राहिला, त्यासोबत आणखी काही विषय. पुढच्या वर्गात जायला लागतात तेवढे क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक) भरले नाहीत. वायडी, म्हणजे इयर डाउन. एरवी वायडी म्हणजे एक वर्ष घरी बसणं, नातेवाइकांचे प्रश्न आणि दोन परीक्षा. पण ही मुलगी नेमकी सांध्यावर घसरली आहे. २०२५-२६ला एसईच्या वर्गात नवा पॅटर्न शिकवला जातोय. तिचे विषय आता कुठल्याच वेळापत्रकात नाहीत. मागच्या बाकावर बसून पुन्हा ऐकावं म्हटलं, तरी ऐकणार काय? गेल्या वर्षी ते शिकवणारे सर नवीन विषयाच्या नोट्स काढण्यात गुंतलेत. क्लासवाल्यांनीही नव्या बॅचचे बोर्ड लावलेत.

तरी ती सगळे विषय काढते. २०२६-२७ला टीईच्या दारात उभी राहते, तर तिथंही २०२४ पॅटर्न येऊन बसलेला. तिच्या नव्या वर्गमैत्रिणींनी आधीच्या दोन वर्षांत मायनरचे (जोडविषयाचे), ओपन इलेक्टिव्हचे (दुसऱ्या शाखेतून निवडलेल्या विषयाचे) क्रेडिट जमवलेत. हिच्या गुणपत्रिकेवर ते रकानेच नाहीत.

इथं कामाला येतो समकक्षतेचा तक्ता. जुना कुठला पेपर नव्या कुठल्या पेपरच्या बरोबरीचा, हे तो सांगतो. जोडी जुळली तर ठीक. नाही जुळली, तर जास्तीचे विषय देऊन भरपाई करायची. हा तक्ता विद्यापीठाच्या अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाने अभ्यासक्रमासोबतच जाहीर करायला हवा, कारण कोणीतरी मागे राहणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. अभ्यासक्रमाचं उद्घाटन मात्र कार्यशाळा भरवून होतं आणि तक्ता मागायला पोरांना खिडकीवर उभं राहावं लागतं.

(दृश्य : दिल्ली विद्यापीठ, उत्तर परिसर.)

कधी कधी मात्र मागे न राहताही सापडायला होतं. दिल्ली विद्यापीठाने जुलै २०१३मध्ये चार वर्षांची पदवी सुरू केली. मुलांचं पहिलं वर्ष बरंचसं फाउंडेशन कोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या सामायिक विषयांत गेलं. असे एकूण ११ कोर्स आखलेले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दबावानंतर २७ जून २०१४ला हा कार्यक्रम गुंडाळला गेला. बी.टेक.वाल्यांना चार वर्षं पूर्ण करू दिली, बाकीच्यांची पदवी तीन वर्षांवर आली. ज्या मूळ विषयासाठी प्रवेश घेतला, त्याचे पेपर उरलेल्या दोन वर्षांत बसवावे लागले. २०१४ची बॅच तीन वर्षांच्या चौकटीत आली, २०१५च्या बॅचला निवडाधारित क्रेडिट पद्धत लागली. २०१३च्या बॅचसारखी बॅच ना तिच्या आधी होती, ना लगेच नंतर. ती एकटीच. सीनियरच्या नोट्स नाहीत, जुन्या प्रश्नपत्रिका नाहीत. पुढे २०२२ला चार वर्षांची पदवी तिथं पुन्हा आली, तोवर ही मुलं बाहेर पडून पाच-सहा वर्षं झाली होती.

(दृश्य : पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत.)

पुण्यात दर थोड्या वर्षांनी 'कॅरी ऑन द्या' अशी मागणी उठते. बॅकलॉग राहिले तरी पुढच्या वर्गात बसू द्या, विषय मागाहून काढतो, असं मुलांचं म्हणणं. यावर 'अभ्यास करायला नको' हे ठरलेलं उत्तर असतं. एरवी त्यात तथ्यही असेल. पण पॅटर्नच्या शेवटच्या बॅचपुरतं ते लागू पडत नाही. इतर कुठल्याही वर्षी नापास झालेल्याला तोच वर्ग, तोच अभ्यासक्रम पुढच्या जूनमध्ये परत मिळतो. शेवटच्या बॅचला मिळत नाही. सवलत सगळ्यांना देऊ नका हवं तर, पण या एका बॅचला द्यायला काय हरकत आहे?