पोळी बंद केली, तरी टीटीजी उतरत नाही? सीलिॲक आणि आपलं स्वयंपाकघर

नमस्कार. घरात एकाला सीलिॲक, म्हणजे गहू न चालण्याचा आजार, निघाला. त्याची पोळी बंद झाली, पाव-बिस्किटं गेली, ज्वारीची भाकरी सुरू झाली. सहा महिन्यांनी रक्त तपासलं, तर टीटीजीचा, म्हणजे या आजारात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांचा, आकडा जवळपास तिथंच. हिमोग्लोबिन हलत नाही, मुलाचं वजन वाढत नाही. मग घरच्यांना संशय येतो की हा लपून काही खातोय. पोरगं रडकुंडीला येतं. अनेकदा त्यानं काहीच खाल्लेलं नसतं. ग्लूटेन त्याच्या भाकरीतूनच पोटात जात असतं.

आज तेच बघू. ते येतं कुठून, आणि थांबवायचं कसं.

आजाराबद्दल थोडक्यात. गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) या धान्यांतल्या प्रथिनांना आपण ग्लूटेन म्हणतो. सीलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की त्याची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. त्या अस्तरावर व्हिलाय नावाचे बारीक उंचवटे असतात आणि अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, पोट फुगतं. कुणाला पोटाचा काहीच त्रास नसतो, फक्त लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, उंची खुंटते, तोंड वारंवार येतं. ही ॲलर्जी नाही, त्यामुळे 'थोडं थोडं खाऊन सवय होईल' हे इथं चालत नाही. औषध एकच, आणि तेही जन्मभर: ग्लूटेन पूर्ण बंद.

पूर्ण म्हणजे किती पूर्ण? एका मध्यम पोळीला साधारण 25 ग्रॅम कणीक लागते, आणि कणकेत वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ग्लूटेन असतं. म्हणजे एका पोळीत अडीच ग्रॅम, 2500 मिलिग्रॅम. इटलीत झालेला एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज फक्त 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. एका पोळीचे पन्नास तुकडे करा, त्यातला एक तुकडा रोज. एवढंसं पुरतं. आणि त्या तुकड्यानं त्याच दिवशी पोट दुखेलच असं नाही. म्हणून 'मला तर काही होत नाही' यावर अजिबात विसंबू नका.

आता गिरणीत चला. माझ्या मते मराठी घरांत सगळ्यात मोठी गळती इथं आहे.

तुम्ही 5 किलो ज्वारी दळायला देता. तुमच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. दगडांच्या खाचांमध्ये, खालच्या नळीत, कापडी पिशवीत त्याची कणीक अडकलेली असते. मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम धरू. ती तुमच्या ज्वारीत उतरली. 50 ग्रॅम कणकेत 5 ग्रॅम ग्लूटेन. ते 5 किलोत पसरलं, म्हणजे किलोमागे 1000 मिलिग्रॅम. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. तुमचं पीठ त्या मर्यादेच्या पन्नास पट वर गेलं. दिवसाला दोन भाकऱ्या, म्हणजे 100 ग्रॅम पीठ खाल्लं, तर 100 मिलिग्रॅम ग्लूटेन रोज पोटात. आणि घरात सगळ्यांना वाटतंय की पथ्य कडक चाललंय.

'आधी थोडे तांदूळ दळून चक्की साफ करतो' असं गिरणीवाले दादा प्रेमानं सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण त्यानं प्रमाण कमी होतं, 20 च्या खाली येईल याची खात्री नाही. गव्हाची आणि ज्वारीची चक्की वेगळी असली तरी बंद खोलीत कणकेची धूळ उडत असते आणि उघड्या डब्यात बसते. खात्रीचा मार्ग एकच: घरघंटी. तीही नवी घ्या आणि तिच्यात गहू एकदाही टाकू नका. गव्हासाठी वापरलेली जुनी घरघंटी कितीही पुसली तरी जाळीच्या भोकांत आणि पिशवीच्या कापडात पीठ राहतंच. घरघंटी परवडत नसेल, तर तांदूळ, राजगिरा, वरी यांचं पीठ मिक्सरवर थोडं थोडं करून चाळता येतं. ज्वारीचं मिक्सरवर जरा रवाळ होतं, पण उकड काढून भाकरी जमते. ती पुढे सांगते.

[टेबलावर स्टीलची परात, त्यात ज्वारी]

दळण्याआधी निवडणं. हे नीट बघा. रब्बीची ज्वारी आणि गहू एकाच हंगामात निघतात, बऱ्याचदा एकाच मळणी यंत्रातून जातात आणि अडतीवर एकाच काट्यावर मोजले जातात. म्हणून ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात. एका वेळी एकच वाटी ज्वारी परातीत पसरा, दाण्यावर दाणा राहू देऊ नका. ज्वारीचा दाणा गोल, पांढुरका. गव्हाचा लांबट, तांबूस, आणि पोटावर उभी चीर. हा बघा, हा गहू. एकदा डोळ्यांना सवय झाली की लगेच टिपता येतो. जव त्याहून टोकदार असतो. मग धान्य दोनतीन पाण्यांतून धुऊन कडकडीत वाळवा, म्हणजे वर बसलेली पिठाची धूळ जाते. डाळीही अशाच निवडायच्या आणि धुवायच्या. बेसन विकत आणू नका, हरभऱ्याची डाळ आणून घरीच दळा. साबुदाण्याचा प्रश्न नाही, पण राजगिरा आणि शिंगाड्याचं तयार पीठ कुठल्या चक्कीवर दळलं हे पाकिटावर कळत नाही. 'उपवासाचं' लिहिलं म्हणजे ग्लूटेनमुक्त झालं असं नाही.

दुसरी गळती फोडणीत आहे. हिंग.

[हिंगाची डबी कॅमेऱ्याजवळ, लेबल दिसेल अशी]

हिंगाचा शुद्ध डिंक फार उग्र असतो, म्हणून बाजारातला बहुतेक हिंग पिठात बांधलेला असतो. मागचं लेबल वाचा: खाण्याचा डिंक, आणि गव्हाचं पीठ किंवा मैदा. खड्याचा हिंग घेतला म्हणजे तो शुद्धच असेल असं नाही, खडाही बांधलेला असू शकतो. चिमूट छोटी असते हे खरं. पण वरण, भाजी, पोह्यांची फोडणी, पापड, लोणचं, चिवडा, असं मोजत गेलात तर दिवसभरात ती कितीदा पडते बघा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, लेबलावर तसं लिहिलेलं असतं. तोच आणा आणि अख्ख्या घराला तोच वापरा. दोन डब्या ठेवल्या की घाईत चुकीची उचलली जातेच.

आता ज्या पदार्थांत गहू डोळ्यांना दिसत नाही ते. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर गहू भाजून घातलेला असतो, आणि आजारी माणसाला आपण हमखास मऊ भात-मेतकूट देतो. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. सातूच्या पिठात गहू किंवा जव. शेवया, लापशी, रवा हे माहीत असतं, पण खपली गव्हानं बरीच घरं फसतात. खपली जुनी जात आहे, मधुमेहासाठी तिचं नाव घेतलं जातं, 'पचायला हलका' म्हणतात. खपली हा गहूच आहे. सीलिॲकला अजिबात चालत नाही. माल्टची दूध-पावडर आणि बिअर जवाची. सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो, म्हणून गाडीवरचा 'फक्त राइस' मंचुरियनसुद्धा नको. ओट्समध्ये मळणी-वाहतुकीत गहू मिसळतो. ग्लूटेन-फ्री छापलेले ओट्ससुद्धा पहिल्या वर्षात डॉक्टरांना विचारूनच. गव्हांकुराच्या रसात पातीबरोबर दाणा येण्याचा धोका असतो, तोही सोडा.

भाजणी आणि मेतकूट घरी गव्हाशिवाय छान होतं. गहू वगळा आणि तेवढेच तांदूळ वाढवा, चवीत फारसा फरक पडत नाही.

भांड्यांचं बघू. सगळं नवं घ्यायची गरज नाही. स्टील आणि काच घासून धुतली की झालं. पण चाळणी वेगळीच हवी, कारण जाळीतलं पीठ निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटणं आणि काठवट वेगळी. चरे पडलेला नॉनस्टिक तवा वेगळा. पोळीच्या तव्यावर सुकी पिठी जळून बसलेली असते, म्हणून भाकरीला स्वतंत्र तवा ठेवा. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणा वडा तळू नका, तेल तापल्यानं ग्लूटेन नष्ट होत नाही. लोणी, जॅम, चटणी यांत पोळीचा किंवा ब्रेडचा चुरा लागलेला चमचा परत जातो. त्याची बरणी वेगळी करा आणि झाकणाला लाल दोरा बांधा. कडक उपवासाच्या दिवशी फराळाला खरकटा हात लागू नये म्हणून आपण जपतो, तेवढी शिस्त रोज. स्वयंपाकाचा क्रमही ठरवा: आधी भाकरी, ती झाकून ठेवली की मग कणीक मळायची. उलट केलं की ओटा, नळ आणि फडकं तिन्ही पिठाचे होतात.

भाकरी तुटते, डब्यात कडक होते, मूल खात नाही, ही तक्रार सगळीकडे आहे. पिठाला चिकटपणा देणारं ग्लूटेन इथं नाही, ते काम गरम पाण्यानं शिजलेल्या स्टार्चकडून करून घ्यायचं. एक वाटी पाणी उकळा, चिमूटभर मीठ, गॅस बारीक करून एक वाटी पीठ घाला, उलथन्यानं ढवळून गॅस बंद. दहा मिनिटं झाकण. मग सोसेल इतकं गरम असतानाच तळहाताच्या टाचेनं पाच मिनिटं रगडून मळा. कडेला भेगा पडत असतील तर पाणी कमी झालं, हात ओला करून परत मळा. थापताना पिठी कमीत कमी घ्या, जास्त झाली की भाकरी कोरडी होते. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पुरतं सुकण्याआधी उलटा. सुकू दिलं की तडकते. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग उकड काढूनही भाकरी थापता येत नाही. आठदहा दिवसांचंच दळा. डब्यासाठी तीन भाग ज्वारीला एक भाग राजगिऱ्याचं पीठ घातलं तर दुपारपर्यंत मऊ राहते. नाचणी आठवड्यातून तीनचारदा तरी हवी. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि या आजारात हाडं बऱ्याचदा आधीच कमकुवत झालेली असतात. फक्त भातावर राहू नका.

बाहेर जेवताना. लग्नाच्या पंगतीत पुरीचा झारा भजीच्या कढईत जातो, मसालेभातात हिंग असतो, जिलबी मैद्याची. साधा भात, दही, श्रीखंड, फळं घ्या. तेसुद्धा पंगत सुरू होताना, वाढपी चमचे अदलाबदल करायच्या आधी. खरं सांगायचं तर डबा नेणं सगळ्यात बरं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. प्रसाद म्हणून केळं, खडीसाखर घ्या. उकडीचे मोदक चालतात, पण तांदळाची पिठी कुठं दळली ते विचारा. तळणीचे नाहीत. दिवाळीत अनारसे, बेसनाचे लाडू, चुरमुऱ्यांचा चिवडा घरच्या पिठाचे आणि घरच्या हिंगाचे करा; करंजी-शंकरपाळी सोडा. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक घरांसाठी: चर्चमधली ओस्ती गव्हाची असते. चर्चच्या नियमानुसार गव्हाचा अंश पूर्ण काढलेली ओस्ती चालत नाही, कमी ग्लूटेनची चालते, किंवा फक्त द्राक्षारस घेता येतो. फादरांशी आधीच बोलून ठेवा.

हे सगळं बसवल्यावर रक्त तपासा. टीटीजी सहा महिन्यांनी, मग वर्षानं, नंतर दरवर्षी, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये, कारण प्रत्येक किटचे आकडे वेगळे. सुरुवातीचा आकडा फार मोठा असेल तर नॉर्मलला यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, पण सहा महिन्यांत ठळक उतार दिसायला हवा. नाही दिसला तर आधी गिरणी, मग हिंग, मग चाळणी, या क्रमानं शोधा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं), बी12, फॉलिक ॲसिड, डी जीवनसत्त्व आणि थायरॉइड त्याच वेळी तपासून घ्या. सुरुवातीला काहींना दूध पचत नाही, कारण दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज तयार करणारा थरही झिजलेला असतो. आतडं भरून आलं की बहुतेकांना दूध पुन्हा पचतं.

आणि ज्यांची तपासणी अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी. शंका आली म्हणून परस्पर गहू बंद करू नका. गहू बंद केल्यावर टीटीजी उतरतो, आतडं भरू लागतं, आणि मग रक्त आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा दोन्ही खोटं 'नॉर्मल' दाखवतात. टीटीजी-आयजीएबरोबर एकूण आयजीए करायला सांगा; आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार, टीटीजीची नेहमीची तपासणी तोच मोजते. काहींच्या शरीरात आयजीएच कमी असतं आणि टीटीजी उगाच निगेटिव्ह येतो. रुग्णाच्या आईवडिलांची, भावंडांची, मुलांची तपासणीही करून घ्या, त्यांना काही त्रास नसला तरी. आणि त्यांच्या सगळ्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत त्यांच्या ताटातली पोळी चालू राहू द्या.