घास पुढे कुठे जातो?

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा संपादित भाग)

शिक्षक बंधुभगिनींनो, पचनसंस्थेचा धडा आला की आपला हात आधी भिंतीवरच्या तक्त्याकडे जातो. माझी विनंती आहे, पहिल्या दिवशी तो गुंडाळूनच ठेवा. मुलांना कागदावर माणसाची नुसती बाह्यरेषा काढू द्या आणि विचारा, सकाळी खाल्लेली भाकरी आत्ता कुठे असेल? एखाद्या चित्रात नळी पिशवीत जाऊन तिथेच संपते. एखाद्यात दोन नळ्या असतात, एक जेवणाची आणि एक पाण्याची, तीही थेट लघवीपर्यंत. पाणीसुद्धा त्याच वाटेने आतड्यात जातं, तिथून रक्तात, आणि रक्तातलं जास्तीचं पाणी मूत्रपिंडं बाहेर काढतात, हे मुलाच्या स्वतःच्या चित्रावर बोट ठेवून सांगावं लागतं.

मग तोंडाकडे या. कोरड्या भाकरीचा तुकडा सावकाश चावू द्या, गिळायची घाई नको. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, ‘बाई, गोड लागतंय!’ लाळेतल्या विकरामुळे, म्हणजे अन्नाचे घटक मोडणाऱ्या एन्झाइममुळे, पिठातल्या स्टार्चची साखर होऊ लागलेली असते. पुढे दोन वाट्यांत भाताची पातळ पेज घ्या. एकीत लाळ मिसळा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि दोन्हींत टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. साधी पेज तिच्यातल्या स्टार्चमुळे निळीकाळी होते. लाळेच्या पेजेत तो रंग फिका पडतो किंवा येतच नाही. पेज कोमटच हवी, कढत पेजेत विकर निकामी होतं. आणि आयोडीनची वाटी कुणाच्या तोंडाला लागणार नाही, हे बघा.

जठर शिकवताना अलेक्सिस सेंट मार्टिनची गोष्ट सांगा. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर त्याला अपघाताने बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठरात उघडणारं छिद्र कायम राहिलं. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. विल्यम बोमाँट त्यातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडायचे आणि थोड्या वेळाने ओढून बघायचे. मार्टिनला हे नकोसं होऊन तो एकदा कॅनडाला निघून गेला होता, तेही सांगा. माणसावर प्रयोग करताना त्याच्या मनाचं काय, हा प्रश्न चौथीतल्या मुलालाही पडायला हवा.

खरी महत्त्वाची जागा मात्र लहान आतडं, आणि नेमके तिथे आपण घाई करतो. मोठ्या माणसाचं लहान आतडं सुमारे ६ मीटर भरतं. साधारण साडेपाच मीटरची एक सहावारी साडी व्हरांड्यात पसरा आणि मुलांनाच ती दप्तरात कोंबायला सांगा. वेटोळी का असतात, ते हातांनाच कळतं. पण एवढी लांबी कशाला? कारण पचलेलं अन्न आतड्याच्या आतल्या रसांकुरांमधून, म्हणजे बोटांसारख्या बारीक उंचवट्यांमधून, रक्तात जातं आणि त्याला भरपूर जागा लागते. धावणाऱ्या पायाला भाकरीचं बळ पोचतं ते या रक्तातून. एवढं कळलं तर स्वादुपिंडाचं नाव पुढच्या वर्षी लक्षात राहिलं तरी चालेल.

राहिली शी. मुलं हसतील, हसू द्या, पण तो भाग गाळू नका. मोठं आतडं उरलेल्यातलं पाणी शोषतं. जुलाबात ते पुरेसं शोषलं जात नाही, म्हणून मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी आपण अल्बेंडाझोलची गोळी देतो. हा तास त्याच आठवड्यात घ्या. गोलकृमी लहान आतड्यात राहून मुलाच्याच वाट्याचं अन्न खातो आणि त्याची अंडी विष्ठेतून मातीत, मातीतून हातावर येतात, हे मुलांना चित्रात काढू द्या.