प्लाझ्मा टीव्ही म्हातारा कसा होतो

मंडळी, समोरचा हा 42 इंची प्लाझ्मा नारायण पेठेतल्या एका आजींचा आहे. 2009 साली घेतलेला. मी त्यावर मुद्दाम नुसता राखाडी रंग लावून ठेवलाय. नीट बघा. खाली एक आडवा पट्टा हिरवट-निळसर वाटतोय ना? ती बातम्यांची लाल पट्टी. आजी रोज सकाळ-संध्याकाळ बातम्या लावायच्या, चॅनेल सहसा बदलायच्या नाहीत. पट्टीच्या जागेवरचा लाल फॉस्फर, म्हणजे पडद्यामागचा रंग उजळवणारा लेप, वर्षानुवर्षं जास्त जळला, त्यामुळे आता तिथे लाल कमी पडतो आणि उरलेले हिरवा-निळा वर येतात.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पार्ट घ्यायला गेलं की आजही कानावर येतं, ‘गॅस संपला असेल, भरून घ्या.’ हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण या एका वाक्यापायी चांगले सेट भंगारात गेलेत. निऑन आणि झेनॉन दोन काचांमध्ये कायमचे सीलबंद असतात. भरायला जागाच नसते. या गॅसमध्ये ठिणगी पडते, झेनॉनमधून अतिनील किरण निघतात, ते फॉस्फरवर आदळले की रंग दिसतो. झिजतो तो फॉस्फर, आणि त्यातही निळा सगळ्यात नाजूक. म्हणून जुन्या प्लाझ्माचा पांढरा रंग हळूहळू पिवळटाकडे झुकतो. सेटिंगमध्ये निळा थोडा वाढवला की बराच फरक पडतो.

पहिल्या शे-दोनशे तासांत फॉस्फर भराभर उतरतो, मग वेग मंदावतो. नवा सेट आणल्यावर कॉन्ट्रास्ट कमी ठेवा, असं आम्ही सांगायचो ते त्यासाठीच. उजेड निम्म्यावर यायला कंपन्या आधी 60,000 आणि नंतर 1,00,000 तास सांगत. रोज सहा तास धरले तर 60,000 तास म्हणजे सत्तावीस वर्षं! तेव्हा सगळा पडदा सारखा मंद होणं ही फार काळजीची गोष्ट नाही. डोळ्याला खुपतं ते असमान झिजणं. आपल्याकडे कितीतरी वर्षं केबलचं चित्र चौकोनी यायचं. शिस्तीची माणसं दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवून बघत. मधला भाग झिजला, कडा कोऱ्या राहिल्या, आणि मग एचडी सेट-टॉप बॉक्स आल्यावर त्या कडा जास्त उजळ दिसू लागल्या. ज्यांनी चित्र ताणून बघितलं, त्यांच्या पडद्यावर नट-नट्या जाड झाल्या, पण पॅनेल एकसारखं राहिलं.

मॅच संपल्यावर स्कोअरची सावली पाच-दहा मिनिटं रेंगाळते, ती वेगळी. ती आपोआप जाते. तिला घाबरून सेट विकू नका.

आता आतली दुसरी झीज. फॉस्फरसमोरच्या काचेवर मॅग्नेशियम ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्याच्यामुळे ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते. हजारो तासांच्या माऱ्याने तो थर खरवडला जातो, मग पडद्यातले काही कप्पे, म्हणजे गॅस भरलेले बारीक खण, वेळेवर पेटत नाहीत. गडद दृश्यात लाल-जांभळे ठिपके मुंग्यांसारखे वळवळतात. आजींच्या सेटची हीच तक्रार होती, आणि एका दुकानात त्यांना ‘पॅनेल गेलं’ असं सांगून मोकळं केलं होतं.

मी मागचं झाकण काढलं. पॅनेलच्या पाठीवर एक स्टिकर असतो, त्यावर त्याच पॅनेलचे व्होल्टेज छापलेले असतात. मीटर लावून पाहिलं तर मुख्य सप्लाय छापलेल्या आकड्याच्या सात व्होल्ट खाली. सप्लाय बोर्डवरचे दोन कपॅसिटर फुगले होते, ते बदलले. मग प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने प्रीसेट, म्हणजे व्होल्टेज जुळवायचा छोटा स्क्रू, केसभर फिरवला. मुंग्या थांबल्या. घरी कुणी हे करून बघू नका. प्लग काढल्यावरही आत जवळजवळ दोनशे व्होल्ट टिकून असतात.

काळ्या रंगाचं सांगायचं राहिलं. प्लाझ्माचे कप्पे पेटायला तयार राहावेत म्हणून त्यांना सतत बारीकशी ठिणगी दिली जाते, म्हणून त्याचा काळा कधीच पूर्ण काळा नसतो. काही मॉडेलांत तास वाढतील तसं व्होल्टेज आपोआप चढवलं जायचं, आणि दोन-तीन वर्षांत काळा राखाडी व्हायचा. हे सांगून कळत नाही. पुढे या, मी दिवे घालवतो.