डोळ्यांवर आलेली झुलपं

(दृश्य: इंदूर, लोकमान्यनगर. सकाळची वेळ. पायरीवर चिकू, पांढरा-करडा शिह त्झू जातीचा कुत्रा. आजींच्या हातात बारीक दातांची फणी.)

चिकूच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात रात्रभरात चिपड साठतं. वाळलं की ते केसांना घट्ट धरून बसतं, आणि त्या केसांची टोकं वळून पुन्हा डोळ्यातच जातात. आजी ते ओढून काढत नाहीत. उकळून गार केलेल्या पाण्यात गॉजचा तुकडा भिजवून कोपऱ्यावर टेकवतात आणि जरा थांबतात. चिपड मऊ झालं की नाकाच्या बाजूला अलगद पुसून घेतात. दुसऱ्या डोळ्याला दुसरा तुकडा. कापूस त्या मुद्दाम वापरत नाहीत, त्याचे तंतू डोळ्यात राहतात. मग फणी, तीही डोळ्याकडून बाहेरच्या दिशेने.

इंदूरच्या मराठी घरांना कुत्रं काही नवं नाही. पण एका पिढीपूर्वी ते बहुतेक पामेरियन असायचं. अंगभर केसांचा पिसारा, तोंडावर मात्र केस आखूड, त्यामुळे डोळे आपसूक मोकळे. डोळ्यांवरच्या केसांचं काही करावं लागतं, हे त्या घरांना कधी शिकावंच लागलं नाही. आता त्याच घरांत शिह त्झू आणि ल्हासा आप्सो आलेत. यांचे तोंडावरचे केस वाढतच राहतात. आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘देवाने दिलेत ना केस, मग राहू देत की!’ कापले तर कुत्रं आंधळं होतं, अशीही एक समजूत ऐकायला मिळते. ती खरी नाही. केस बाजूला केल्याने कुठल्याही कुत्र्याची दृष्टी जात नाही. केस डोळ्यात घासत राहिले, तर मात्र जाऊ शकते.

ल्हासा आप्सो मूळचा तिबेटचा, मठांत आणि घरांत राखणीला ठेवलेला. वारा आणि लखलखीत ऊन यांपासून डोळे राखायला त्याच्या कपाळावरचे केस असतात, असं सांगतात. असतीलही. पण ल्हासा शहर ३,६५० मीटर उंचीवर आहे, आपलं इंदूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर. आणि घरातला चिकू दिवसभर पंख्याखाली झोपतो. त्याला त्या पडद्याचा काय उपयोग?

(दृश्य: चिकूचा चेहरा अगदी जवळून. नाकाच्या मुळाशी उभे राहिलेले आखूड केस.)

शिह त्झूचं तोंड चपटं असतं. डोळ्यांच्या खोबण्या उथळ, म्हणून डोळे मोठे आणि पुढे आलेले. काहींच्या पापण्या झोपेतही पूर्ण मिटत नाहीत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, जाडीला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यावर प्रत्येक उघडझापेला केसाचं टोक फिरत राहिलं की आधी नुसतं पाणी येतं, मग लाली, मग ओरखडा, आणि दुर्लक्ष झालं तर जखम. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या कॉर्नियाला स्पर्शाची जाणीवही तुलनेने कमी असते. म्हणजे दुखतंय हे आपल्याला उशिरा कळतं. मला या सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते ती हीच.

डोळ्यांखालच्या तांबूस-तपकिरी रेघा तुम्ही पाहिल्या असतील. अश्रूंमध्ये पॉर्फिरिन नावाची लोहयुक्त द्रव्यं असतात, त्यांचा तो रंग. पांढऱ्या केसांवर तो उठून दिसतो. केस वातीसारखे अश्रू ओढून गालावर आणतात, म्हणून डाग घालवायच्या पावडरी शोधण्याआधी केस बाजूला करून बघा. पाणी तरीही थांबत नसेल, तर कारण आत आहे. पापणी आत वळलेली असते, आतून जादा केस उगवलेला असतो किंवा अश्रूनलिका बंद असते.

(दृश्य: आजी आणि नात. नात चिकूची हनुवटी धरून बसली आहे.)

आता बांधायचे की कापायचे? बांधायचे असतील, तर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपासून वर भांग पाडून तेवढेच केस घ्यायचे आणि डोक्यावर शेंडी बांधायची. बांधल्यावर केस मुळाशी किंचित सैल करायचे. शेंडी इतकी ताणलेली नको की भुवया वर खेचल्या जातील. तशाने त्वचा लाल होते, केस मुळापासून गळतात. पुडीचं साधं रबर वापरू नका. पातळ लेटेक्सचं छोटं रबर मिळतं, ते घ्या, आणि सोडवताना ओढू नका, कापून टाका. शेंडी रोज सोडून विंचरायची. दोन दिवस राहिली की आत गुंता, चार दिवसांनी जटा.

एवढं रोज होणार नसेल, तर मी म्हणेन केस आखूडच ठेवा. त्यात कुत्र्याचं काही बिघडत नाही. गोलाकार टोकांची कात्री घ्या. एकाने हनुवटीखाली धरायचं, दुसऱ्याने कापायचं. कात्रीचं टोक डोळ्याकडे कधीही नको, पाती नाकाच्या रेषेला समांतर. अवघड जागा नाकाच्या मुळाशी असते. तिथले केस अर्धवट वाढले की ताठ उभे राहतात आणि सरळ डोळ्यात टोचतात. ते एकतर अगदी आखूड ठेवायचे, नाहीतर आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना पडतील इतके वाढू द्यायचे. मधल्या लांबीत सगळा त्रास.

‘आजी, याने डोकं हलवलं तर?’

‘तर कात्री खाली ठेवायची, बाळा. उद्या कापू.’

पावसाळ्यात नाकावरची घडी ओली राहते, तिथे वास येऊ लागतो. पुसून कोरडी ठेवा. उन्हाळ्यात धूळ. आणि रंगपंचमीला राजवाड्याला गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक निघते, तेव्हा गुलाल सगळ्या शहरभर उडतो. कुत्र्याला त्या दिवशी घरातच ठेवा. तरी रंग गेलाच, तर औषधाच्या दुकानातलं नॉर्मल सलाइन डोळ्यावर हळूहळू सोडा. चोळू नका.

(दृश्य: दवाखाना. निळ्या प्रकाशात कुत्र्याचा डोळा, त्यात हिरवा ठिपका.)

कुत्रा एक डोळा मिटून धरतो, पंजाने घासतो, बुबुळावर निळसर-पांढरी झाक दिसते. यातलं काहीही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात खासगी दवाखानेही आहेत. डॉक्टर फ्लुरेसिन नावाच्या रंगाची पट्टी डोळ्याला टेकवतात. जखम असेल तिथे तो रंग धरतो आणि निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. ही तपासणी होईपर्यंत घरातले जुने थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल, तर जखम खोल जाते आणि डोळा फुटूही शकतो.

उपचार चालू असताना गळ्यात प्लास्टिकची कॉलर असते. तेवढे दिवस शेंडी नको, केस आखूडच ठेवा. थेंब दिवसातून कितीतरी वेळा घालावे लागतात, आणि दरवेळी डोळा नीट दिसला तरच औषध आत पडलं की गालावर, हे कळतं.