बाखने लिहिले ते आणि गूल्डने वाजवले ते

श्रोतेहो, नमस्कार.

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्या चार जाणकारांत वाद लावून द्यायचा असेल, तर ग्लेन गूल्ड या कॅनेडियन पियानोवादकाचे नाव काढले की पुरते. टोरांटोत १९३२ साली जन्मलेल्या या वादकाने जून १९५५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही कृती ध्वनिमुद्रित केली. हा स्टुडिओ म्हणजे एकेकाळचे चर्च. पुढच्या वर्षाच्या प्रारंभी ती तबकडी बाजारात आली आणि गूल्डचे नाव जगभर झाले. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १९८१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, त्याच स्टुडिओत त्याने तीच कृती पुन्हा मुद्रित केली. १९८२ साली हे दुसरे मुद्रण प्रसिद्ध झाले आणि पन्नाशी गाठून जेमतेम नऊ दिवस होतात न होतात तोच, ४ ऑक्टोबर १९८२ रोजी, गूल्डचे निधन झाले. पहिले मुद्रण साधारण साडेअडतीस मिनिटांचे, दुसरे एक्कावन्न मिनिटांचे. यांतले कोणते खरे बाख, किंवा यांतले एकही खरे बाख आहे काय, यावर रसिकांचे आजतागायत एकमत झालेले नाही.

या वादात उतरण्यापूर्वी ती कृती काय आहे, हे थोडक्यात पाहू. १७४१ साली न्यूरेंबर्ग येथे ती छापली गेली. सुरुवातीला एक संथ, नटवी ‘आरिया’, म्हणजे गाण्यासारखी सुरावट, आहे. तिच्या खालच्या, म्हणजे डाव्या हाताच्या, बत्तीस मात्राखंडांच्या स्वरक्रमावर बाखने तीस व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच पायावरची निरनिराळी रूपे, उभी केली आणि शेवटी तीच आरिया पुन्हा आणली. वरची सुरावट व्हेरिएशन्समध्ये जवळपास दिसेनाशी होते. टिकतो तो पाया. दर तिसरे व्हेरिएशन ‘कॅनन’ आहे, म्हणजे एक आवाज पुढे जातो आणि दुसरा त्याचीच ओळ मागून, ठरावीक स्वरांच्या अंतरावरून उचलतो. हे अंतर प्रत्येक कॅननमध्ये एकेका स्वराने वाढत नवव्या स्वरापर्यंत जाते. निद्रानाशाने त्रस्त झालेल्या एका सरदाराला रात्री ऐकवण्यासाठी ही कृती रचली गेली आणि ती त्याच्या पदरचा तरुण वादक गोल्डबर्ग वाजवत असे, ही कथा १८०२ सालच्या बाखच्या चरित्रातून पसरली. कथा गोड आहे. परंतु छपाईच्या वर्षी गोल्डबर्ग चौदा वर्षांचा होता आणि मुखपृष्ठावर त्या सरदाराचे नावही नाही, त्यामुळे अभ्यासक तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत.

आता वादाकडे येऊ. बहुतेक श्रोत्यांचे भांडण लयीवरून होते. एका पक्षाला १९५५ चे मुद्रण म्हणजे बाखवर साचलेली शाळामास्तरी धूळ झटकणारे वारे वाटते. त्यातला वेग, त्यातली चढाओढ, प्रत्येक ओळीचा कोरीव ठसा यांनी त्यांना बाख प्रथमच जिवंत झाल्यासारखा वाटला. दुसऱ्या पक्षाला तोच वेग पोरकट वाटतो आणि १९८१ च्या मुद्रणात त्यांना परिपक्व चिंतन सापडते. या चर्चेत साडेअडतीस आणि एक्कावन्न हे आकडे पुराव्यासारखे फेकले जातात. मात्र ते तसे वापरणे बरोबर नाही. १९५५ मध्ये गूल्डने एकाही भागाची पुनरावृत्ती केली नव्हती, तर १९८१ मध्ये कॅनन आणि आणखी काही व्हेरिएशन्सच्या पूर्वार्धाची पुनरावृत्ती केली. म्हणजे वाढलेल्या वेळाचा काही हिस्सा संथपणाचा नव्हे, तर तेच स्वर दोनदा वाजवल्याचा आहे. लयीतला खरा फरक पाहायचा, तर सुरुवातीची आरिया ऐकावी, कारण ती दोन्ही वेळा पुनरावृत्तीशिवाय वाजवलेली आहे. पहिल्या मुद्रणात ती दोन मिनिटांच्या आत संपते आणि दुसऱ्यात तीन मिनिटांच्या थोडी पुढे जाते. स्वर तेच, पियानो हेच वाद्य. पण पहिल्या वेळी सुरावट पुढे सरकत असते, तर दुसऱ्या वेळी प्रत्येक स्वर आपल्या जागी उभा राहून पुढच्याची वाट पाहतो.

या लयींपैकी बाखला कोणती अभिप्रेत होती? छापील प्रतीत याचे उत्तर जवळजवळ नाहीच. त्या काळी रचनेचा ताल, स्वरांची लांबी-आखूडता आणि नृत्यप्रकार पाहून वादक लय ओळखत असे. त्यामुळे तीसपैकी अगदी मोजक्या व्हेरिएशन्सच्या डोक्यावर लयसूचक शब्द सापडतात. १९७४ च्या सुमारास स्ट्रासबर्ग येथे बाखची स्वतःची छापील प्रत उजेडात आली. तिच्यात त्याने स्वहस्ते केलेल्या दुरुस्त्या आणि काही सूचना होत्या, आणि त्यांतली एक पंचविसाव्या व्हेरिएशनसाठी होती: ‘अडाजिओ’, म्हणजे संथ.

हे पंचविसावे व्हेरिएशन म्हणजे या कृतीचा सर्वांत खोल भाग. मुख्य कृती जी मेजर या स्वरपट्टीत आहे. हे जी मायनर या अधिक उदास स्वरपट्टीत, आणि त्यात उजव्या हाताची ओळ अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी अशी चाचपडत जाते, की पायाखालचा आधार आता सुटतो की काय, असे वाटावे. लयीवर भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी येथे जरा थांबायला हवे. ‘घाईघाईच्या’ १९५५ च्या मुद्रणात गूल्डने याला सुमारे साडेसहा मिनिटे दिली आणि ‘चिंतनशील’ १९८१ च्या मुद्रणात सहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे संथ वाजवण्याची बाखची सूचना उघडकीला येण्यापूर्वी तो अधिक संथ होता आणि नंतर किंचित वेगवान झाला! यामागे हेतू होता. उतारवयात गूल्डला आपले जुने वादन, विशेषतः हे व्हेरिएशन, अति भावुक वाटू लागले होते. त्यात त्याला बाखपेक्षा एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक जास्त ऐकू येत असे. दुसऱ्या मुद्रणात त्याने सगळ्या व्हेरिएशन्सना एका मूळ ठेक्याच्या नात्यात बांधले. एकाची लय दुसऱ्याच्या दुप्पट, निम्मी किंवा तत्सम हिशोबात यावी, अशी योजना केली. ही योजना ऐकू येते. एक व्हेरिएशन संपून दुसरे सुरू होताना मांडी बदलल्यासारखे वाटत नाही. त्याच चालीने पुढचे पाऊल पडते. माझ्या मते दुसऱ्या मुद्रणाचे मोठेपण त्याच्या संथपणात नसून या बांधणीत आहे. तरीही पंचविसाव्यापुरते मी तरुण गूल्डच्या बाजूने आहे. अति भावुक म्हणा हवे तर. पण त्या सहा-साडेसहा मिनिटांत काळ थांबल्यासारखा होतो, आणि हे उत्तरकाळातल्या नेटक्या हिशोबाला साधलेले नाही.

दुसरा मोठा आक्षेप वाद्याचा. बाखने ही कृती दोन पट्ट्यांच्या, म्हणजे एकावर एक असे दोन कीबोर्ड असलेल्या, हार्पसिकॉर्डसाठी लिहिली, आणि कोणते व्हेरिएशन एका कीबोर्डवर व कोणते दोहोंवर वाजवायचे, हे त्याने त्या त्या ठिकाणी नोंदवले. हार्पसिकॉर्डची तार पिसाच्या टोकाने छेडली जाते. बोट जोरात मारले काय किंवा हळू मारले काय, आवाज जवळपास तेवढाच. वांडा लांडोव्स्का यांनी १९३३ साली हार्पसिकॉर्डवर ही कृती मुद्रित केली, आणि नंतर गुस्ताव लेऑनहार्टसारख्या वादकांनी जुन्या घडणीच्या वाद्यांचा आग्रह धरला, तेव्हापासून अनेक रसिकांना पियानोवरचा बाख मुळातच गैरलागू वाटतो. आठव्या, विसाव्या किंवा सव्विसाव्या व्हेरिएशनमध्ये दोन्ही हात एकाच जागेत घुसतात. दोन कीबोर्डांवर ते एकमेकांच्या वरून-खालून जातात, एका कीबोर्डवर मात्र बोटांवर बोटे चढतात. ही अडचण खरी आहे. पण गूल्डवर हा आक्षेप घेणाऱ्यांनी त्याचे वादन नीट ऐकावे. पियानोचा लांबणारा, एकमेकांत मिसळणारा आवाज त्याने जाणूनबुजून तोडला. पेडलचा वापर अगदी कमी केला. स्वर जोडण्याऐवजी सुटे, टिपून घेतल्यासारखे ठेवले. त्यामुळे तीन आवाजांच्या कॅननमध्ये मधला आवाजही कानाला बोट धरून दाखवल्यासारखा वेगळा कळतो. हा गुण अनेक हार्पसिकॉर्डवादकांच्या मुद्रणांतही इतका स्पष्ट मिळत नाही. ज्यांना बाखच्या सुरावटीने गावे असे वाटते, त्यांना हेच वादन कोरडे, टंकलेखन यंत्रासारखे वाटते. तेही समजण्यासारखे आहे.

गूल्डच्या गुणगुणण्याबद्दल फारसे बोलण्याची गरज नाही. वाजवताना तो सतत गुणगुणत असे, आणि वडिलांनी बनवून दिलेल्या, जमिनीपासून अवघी चौदा इंच उंच असलेल्या मोडक्या खुर्चीवरच बसत असे. तिची करकरही मुद्रणांत सापडते. ज्यांना हे खटकते त्यांना खटकते. गवयाच्या तोंडचे हुंकार ऐकत मोठे झालेल्या आपल्याकडच्या श्रोत्याला त्याचे एवढे काय, असा प्रश्न पडेल.

याहून गंभीर मतभेद आहे तो मुद्रणाच्या संपादनाचा. १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिस येथे वाजवल्यानंतर गूल्डने जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओ हेच आपले कार्यक्षेत्र मानले. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’ या कीबोर्ड-रचनांच्या संग्रहाच्या पहिल्या भागातील ए मायनर फ्यूगचे, म्हणजे एकच सुरावट एकेक आवाज क्रमाने उचलत जातो अशा रचनेचे, उदाहरण त्याने १९६६ साली स्वतःच लेखात दिले. त्या फ्यूगच्या दोन वादनफेऱ्या, सहावी आणि आठवी, तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होत्या. पण एक फार गंभीर आणि जोडून वाजवलेली, तर दुसरी सुटी आणि उत्फुल्ल, आणि संपूर्ण फ्यूग कोणत्याही एका ढंगात कंटाळवाणी होत होती. त्याने टेप कापून दोन्ही जोडल्या: आरंभ आणि अखेर एकीतून, मधला भाग दुसरीतून. जी फ्यूग त्याने सलग तशी कधी वाजवलीच नाही, ती आपण ऐकतो. ही लबाडी आहे, असे म्हणणारे श्रोते आजही आहेत. मला त्यांचे म्हणणे पटत नाही. मैफलीत वादकाने क्षणात घेतलेला निर्णय जर कला, तर महिनाभराने शांत डोक्याने घेतलेला निर्णय कला का नव्हे? शिवाय ज्या रचनेत लय, जोर आणि तोड यांबद्दल कागद बहुतांशी गप्प आहे, तिथे दोन उत्तरे जोडून तिसरे शोधणे हे त्या कागदाशी अप्रामाणिक नाही.

मात्र एका ठिकाणी कागद गप्प नाही, आणि नेमक्या त्याच ठिकाणी, मला वाटते, गूल्डचे चाहते फार सहज सुटतात. आरियाच्या आणि प्रत्येक व्हेरिएशनच्या दोन्ही अर्धांपुढे बाखने पुनरावृत्तीची खूण केली आहे. ती सगळी पाळली, तर ही कृती सव्वा तासाच्या आसपास जाते. रोझलिन ट्यूरेक या अमेरिकन पियानोवादक बाईंना, ज्यांना गूल्ड स्वतः मानत असे, ती वाजवायला दीड तासही लागला. तबकडीच्या काळात वेळेची मर्यादा होती, हे १९५५ पुरते समजून घेता येईल. १९८१ मध्ये मात्र गूल्डने काही पूर्वार्ध दोनदा वाजवले आणि उत्तरार्ध कुठेच नाही, म्हणजे ही निवड होती. बत्तीस मात्राखंडांचे दोन समान भाग बाखने तोलून ठेवलेले असताना एकच पारडे जड करणे, हे लयीच्या कितीतरी स्वातंत्र्यांहून मोठे स्वातंत्र्य आहे. बाखच्या काळी पुनरावृत्ती ही वादकाला मिळालेली जागा होती. दुसऱ्या वेळी कण, मुरक्या आणि स्वरांची आभूषणे बदलून तोच भाग नव्याने दाखवायचा असे. पियानोवादक आंद्राश शिफ यांचे २००१ सालचे मैफलीतले मुद्रण ऐकले, तर त्यात सगळ्या पुनरावृत्ती आहेत आणि दुसऱ्या फेरीत हात कुठे जरा उशिरा येतो, कुठे मधला आवाज वर काढला जातो, हे टिपून घेण्यात निराळीच गंमत आहे. नवे काही सांगण्याची शक्ती गूल्डपाशी कुणाहून कमी नव्हती. मग ज्या जागा बाखने खास त्यासाठीच राखून ठेवल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक त्याने रिकाम्या का सोडल्या? या प्रश्नाला त्याच्या बाजूने लढणाऱ्यांकडून ‘त्याला तसे वाटले’ यापलीकडचे उत्तर मला अजून तरी ऐकायला मिळालेले नाही.